मातीच्या भिंतीची परीक्षा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे मातीच्या जाड भिंतींची हजारो घरे आजही वापरात आहेत आणि त्यांतील काहींचे वय चारशे वर्षांहून अधिक आहे. सोळाव्या शतकातील प्रसिद्ध दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले ज्या घरात जन्मला ते हेज बार्टनचे घरही याच जातीचे. या बांधकामाला तिकडे ‘कॉब’ म्हणतात. त्याची रीत अगदी साधी आहे. वरची सुपीक माती बाजूला सारून खालची चिकणमाती खणून काढावयाची, तीत वाळू किंवा बारीक खडी, गव्हाचे काड आणि पाणी घालावयाचे आणि माणसांच्या वा जनावरांच्या पायांखाली ती चांगली तुडवून घ्यावयाची. मग हा घट्ट चिखल दाताळ्याने उचलून दगडी जोत्यावर रचत जावयाचे. त्याला फळ्यांचा साचा लागत नाही की विटा पाडाव्या लागत नाहीत. हात-दीड हात उंचीचा एक थर झाला की तो आवळून येईपर्यंत थांबावे लागते. नंतर त्यावर दुसरा थर चढतो. बाहेर आलेला भाग धारदार हत्याराने तासून भिंत सरळ करतात. तिची जाडी बहुधा ६० सेंटिमीटरच्या आसपास असते.

भारतीय वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चिखलाचे गोळे हाताने रचून थराथराने भिंत उभारण्याची पद्धत आपल्याकडे अनेक प्रांतांत आहे. मराठी मुलखात तर शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याचा प्रघातच पडला. कारण काळ्या मातीत पीक येते, तर घराच्या भिंतीला पांढरी माती लागते. दख्खनच्या गावोगावी ढासळत चाललेल्या गढ्या याच पांढऱ्या मातीच्या आहेत. २०११ च्या जनगणनेतही देशातील पाचांपैकी एकाहून अधिक घरांच्या भिंती माती किंवा कच्च्या विटांच्या आढळल्या.

अशा भिंती शतकानुशतके उभ्या आहेत, मग त्यांना परीक्षा आणि प्रमाणपत्र हवेच कशाला, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की ज्या उभ्या राहिल्या त्याच आपल्या डोळ्यांसमोर आहेत; ज्या पडल्या त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दुसरे म्हणजे, आज घर बांधणाऱ्याला परवानगी, कर्ज आणि विमा या तिन्ही गोष्टी हव्या असतात, आणि त्या देणारा अधिकारी कागदावरचा आकडा मागतो. सिमेंट-काँक्रीटचे आकडे पुस्तकात तयार आहेत. मातीचा आकडा मात्र प्रत्येक विहिरीच्या पाण्यासारखा वेगळा असतो. गावाच्या एका टोकाची माती दुसऱ्या टोकाच्या मातीसारखी वागत नाही. कारखान्यात तयार न होणाऱ्या, जिचा गुण प्रत्येक खड्ड्यागणिक पालटतो अशा वस्तूसाठी मानक कसे तयार करावे, हा गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेक देशांच्या अभियंत्यांपुढील प्रश्न होता.

आरंभी साहजिकच दाबशक्तीकडे लक्ष गेले. काँक्रीटची परीक्षा घेताना त्याचे घन ओतून ते यंत्रात चिरडतात. तसेच मातीचेही करून पाहिले गेले. काडमिश्रित मातीचा चांगला वाळलेला नमुना साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० किलोग्रॅम भार सोसतो. नेहमीच्या घरबांधणीतील काँक्रीटचा आकडा २०० च्या घरात जातो आणि भाजलेली साधी वीटही ३५ च्या पुढे असते. या तुलनेने माती पार निकालात निघाल्यासारखी वाटते. परंतु तिच्यावर भार तरी किती येतो हे पाहिले पाहिजे. अशा भिंतीच्या एका घनमीटरचे वजन १७०० किलोग्रॅम धरू. पाच मीटर उंचीच्या भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब मग दर चौरस सेंटिमीटरला ०.८५ किलोग्रॅम एवढाच भरतो. छपराचा आणि माडीचा भार मिळविला तरी तो फारसा वाढत नाही, कारण भिंत जाड असते. म्हणजे बेताच्या मातीतही गरजेच्या कितीतरी पट ताकद शिल्लक उरते. निव्वळ भाराने चिरडून मातीचे घर पडल्याची उदाहरणे फार थोडी सापडतात, याचे कारण हेच.

चिरडण्याच्या या परीक्षेत आणखीही काही खोड्या आहेत. बसका नमुना यंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये अडकून राहतो आणि असावा त्याहून बळकट भासतो. त्याच मातीचा उभट नमुना कमी आकडा दाखवितो. नमुना लहान असेल तर लांब काड त्यात नीट मावत नाही. तो पुरता वाळण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि आत थोडा ओलावा राहिला तरी आकडा खाली येतो. सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच होती. सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांसाठी जी मानके झाली, भारतातील मानक त्यांतच येते, त्यांत ठोकळा पाण्यात भिजवून मग त्याची ताकद मोजण्याची पद्धत आहे. सिमेंट असलेल्या ठोकळ्याला ती योग्यच आहे. निव्वळ मातीचा नमुना मात्र पाण्यात ठेवला की काही वेळात त्याचा गाळ होतो. या कसोटीवर डेव्हनमधले एकही जुने घर उत्तीर्ण झाले नसते. कसोटी खोटी होती असे नव्हे. ती दुसऱ्या वस्तूसाठी रचलेली होती.

मग मातीची भिंत पडते कशाने? शांत भूमीवर तिचा शत्रू पाणी हाच आहे. मातीला चांगली पायताणे आणि चांगली टोपी द्यावी, असे डेव्हनचे जुने लोक म्हणत. म्हणजे खाली उंच दगडी जोते आणि वर बाहेर झुकलेले छप्पर. भिंत ओली होई, पण वाऱ्याने आणि उन्हाने पुन्हा वाळे. विसाव्या शतकात पुष्कळ मालकांनी भले करावयाच्या बुद्धीने या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. गिलाव्याला बारीक भेग पडे, तीतून पाणी आत शिरे आणि बाहेर पडावयास वाट नसल्याने तळाशी साठून राही. वरून भिंत धडधाकट दिसे. आत मात्र तिचा पाया मऊ होत जाई आणि एखाद्या दिवशी सबंध तुकडा अचानक खाली बसे. कोरड्या नमुन्याची दाबशक्ती कितीही अचूक मोजली तरी अशा अपघाताची सूचना तीतून मिळत नाही.

जेथे भूमी हलते तेथे प्रश्न फारच गंभीर होतो. ३१ मे १९७० रोजी पेरू देशात मोठा भूकंप झाला आणि सुमारे सत्तर हजार माणसे मरण पावली. पर्वतावरून कोसळलेल्या बर्फ-चिखलाखाली युंगाय हे गाव गाडले गेले. इतरत्र मृत्यू आला तो बव्हंशी कच्च्या विटांची घरे कोसळून. त्यानंतर लिमा येथील कॅथॉलिक विद्यापीठात मातीच्या घरांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्यांची पहिली युक्ती मोठी नामी होती. भूकंपाचे हिसके देणारे यंत्र तेव्हा हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी एका भक्कम चौथऱ्यावर पूर्ण आकाराचे घर बांधले आणि तो चौथरा एका बाजूने हळूहळू उचलला. चौथरा ३० अंशांत कलला की घराच्या वजनाचा निम्मा भाग भिंतींना आडवा ढकलू लागतो; म्हणजे भूकंपाच्या आडव्या जोराची एक कल्पना येते. १९८० च्या दशकात त्याच विद्यापीठात कंपन-मंचावर प्रत्यक्ष हादरे देऊन घरे तपासली जाऊ लागली.

या प्रयोगांतून जे दिसले त्याने पुढच्या सर्व मानकांची दिशा बदलली. भिंत प्रथम कोपऱ्यात फाटते. उभी चीर वरून खाली येते, दोन भिंतींची एकमेकींवरची पकड सुटते, आणि मग एकटी पडलेली लांब भिंत पुस्तक आडवे व्हावे तशी बाहेर कोसळते. माती अधिक बळकट केल्याने हे थोडे लांबते, टळत नाही. परंतु भिंतीत उभे वेळू आणि आडव्या थरांत चेचलेले वेळू घालून त्यांची टोके वरच्या लाकडी पट्ट्याला बांधली, तर चिरा पडूनही भिंतीचे तुकडे जागच्या जागी राहतात. घर मोडते, पण आतल्या माणसाला बाहेर पडण्यास वेळ मिळतो. सुरक्षिततेची ही व्याख्या काँक्रीटच्या पुस्तकातल्या व्याख्येहून निराळी आहे. कॉबमधील काडाचे महत्त्वही येथे ध्यानात येते. काड दाबशक्ती फारशी वाढवीत नाही. पण तडा गेल्यावर त्याचे तंतू दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. सुक्या मातीचा ठोकळा जेथे फाटकन दुभंगतो तेथे कॉबचा नमुना कण्हत कण्हत मोडतो. यंत्रावरचा सर्वोच्च आकडा टिपून घेऊन परीक्षा थांबविणाऱ्याला हा गुण कधीच दिसत नाही.

महाराष्ट्राला हा धडा फार मोठ्या किमतीला मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तेथील भिंती निव्वळ मातीच्या नव्हत्या. ओबडधोबड दगड चिखलात बसविलेले, आत-बाहेरचे दोन थर एकमेकांत न गुंतविलेले, आणि डोक्यावर उन्हाळ्यात गारवा देणारे पण कित्येक टन वजनाचे मातीचे माळवद, अशी ती रचना होती. दरवर्षी पावसापूर्वी वर नवी माती टाकण्याच्या रिवाजाने त्याचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले. तरीही ज्या घरांचे माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर तोललेले होते, त्यांतील कित्येकांत भिंती ढासळल्या पण छप्पर वरच राहिले. पुढे २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात तेथील भुंगे, म्हणजे मातीच्या भिंतींच्या आणि हलक्या छपराच्या गोल झोपड्या, चौकोनी दगडी घरांच्या मानाने पुष्कळ चांगल्या टिकल्या. गोल भिंतीला फाटण्यासाठी कोपराच नसतो. किल्लारीनंतर ‘माती म्हणजे मृत्यू’ अशी जी समजूत सर्वत्र पसरली ती म्हणूनच अर्धवट होती. मारले ते बांधणीने आणि ओझ्याने. परंतु ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्याखालून काढली त्यांना हा भेद समजावून सांगणे सोपे नव्हते, आणि त्यांनी तो मानला नाही यात त्यांचा दोषही नाही.

योगायोग असा, की मातीच्या इमारतींची भूकंपात टिकण्याची शक्ती वाढविण्यासंबंधीचे भारतीय मार्गदर्शक मानक, क्रमांक १३८२७, हे त्याच १९९३ सालचे आहे. हाताने गोळे रचून थरांनी उभारलेल्या भिंतीचा, म्हणजे आपल्याकडील कॉबचा, त्यात स्पष्ट समावेश आहे. त्याचे बरेचसे नियम ताकदीविषयी नसून आकाराविषयी आहेत. भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आठपटींहून अधिक नसावी. आधाराची आडवी भिंत जाडीच्या दहापटींच्या आत यावी. नाहीतर मध्ये धिरा द्यावा. दार-खिडकी १.२ मीटरपेक्षा रुंद नसावी आणि कोपऱ्यापासून तेवढेच अंतर राखून असावी. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली घराभोवती सलग लाकडी पट्टा फिरवावा. हे सर्व दोरी आणि हाताच्या मापाने तपासता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

मातीची निवड करण्यासाठी या मानकात दिलेल्या चाचण्या तर वाचकाने घरी करून पाहाव्यात अशा आहेत. ओल्या मातीच्या सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या पाच-सहा गोळ्या वळून सुकू द्यावयाच्या. दोन दिवसांनी एकेक गोळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाबावयाची. एकही फुटली नाही तर मातीत पुरेसा चिकटा आहे असे समजावे. फुटली तर ती माती सोडून द्यावी. मात्र चिकटा जास्त झाला तर वाळताना भेगा पडतात. यास्तव दुसरी चाचणी भेगांची. मातीत जाड वाळूचे प्रमाण थोडे थोडे वाढवीत निरनिराळे गारे करावयाचे आणि प्रत्येक गारा दोन विटांमध्ये भरून दोन दिवस ठेवावयाचा. नंतर जोड उघडून पाहावा; ज्यात भेग दिसत नाही अशा गाऱ्यांपैकी सर्वांत कमी वाळूचा तो पसंत करावा. तिसरी चाचणी सर्वांत गमतीची. चार आठवडे उन्हात वाळलेली कच्ची वीट दोन टेकूंवर आडवी ठेवून तिच्यावर साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाने उभे राहावयाचे. वीट मोडली तर मातीत चिकटा आणि तंतू वाढवावेत.

ही शेवटची चाचणी पोरकट वाटेल, पण तिच्यात नीट गणित आहे. वीट २० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड आणि टेकूंमधले अंतर ३० सेंटिमीटर असे मानले, तर मध्यावर उभ्या असलेल्या सत्तर किलोच्या माणसामुळे विटेच्या खालच्या अंगाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलोग्रॅम ताण पडतो. ताण हीच मातीची उणी बाजू असल्याने, घन चिरडून मिळणाऱ्या आकड्यापेक्षा ही परीक्षा भिंतीच्या खऱ्या दुबळेपणाच्या अधिक जवळ जाते. याच मानकात दहा सेंटिमीटरच्या वाळलेल्या घनासाठी दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोग्रॅम दाबशक्ती असावी अशीही अपेक्षा आहे. पण ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याचे काम अडत नाही.

पावसाची परीक्षा घेण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातून आली. जिलाँग शहराच्या नावाने ती ओळखली जाते. मातीचा वाळलेला नमुना उतरता ठेवून त्यावर ४० सेंटिमीटर उंचीवरून १०० मिलिलीटर पाणी थेंबाथेंबाने, वीस मिनिटे ते एक तास एवढ्या अवधीत सोडतात. थेंबांनी पडलेला खळगा ५ मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर माती उत्तम. १५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल गेला तर ती भिंतीस नालायक. भिजवून गाळ करणाऱ्या कसोटीच्या जागी ही कसोटी आली तेव्हा मातीला प्रथमच तिच्या स्वभावानुसार न्याय मिळाला असे म्हणावे लागेल.

न्यूझीलंडने १९९८ मध्ये या सर्व विचारांना तीन मानकांचे रूप दिले आणि २०२० मध्ये त्यांची सुधारणा केली. त्यांची विभागणी मोठी व्यवहारी आहे. एक मानक अभियंत्याने करावयाच्या गणितासाठी, दुसरे माती व कारागिरी यांसाठी, आणि तिसरे अशा लहान घरांसाठी की जी ठरावीक मापांत राहिली तर अभियंत्याची गरजच पडत नाही. जिलाँगची थेंब-चाचणी आणि कमरेएवढ्या उंचीवरून वीट कोपऱ्यावर टाकून पाहण्याची चाचणी यांना त्यांत प्रयोगशाळेच्या जोडीला स्थान आहे. हा देश भूकंपाच्या पट्ट्यातच वसलेला. नेल्सनजवळील ब्रॉडग्रीन हे १८५५ च्या सुमाराचे दुमजली कॉबचे घर आजही उभे आहे. परंतु २०१० आणि २०११ साली कँटरबरी भागात झालेल्या भूकंपांत, आत कसलेही बंधन नसलेल्या जुन्या माती-दगडाच्या इमारतींची मोठी हानी झाली. एक घर टिकले याचा पुरावा म्हणून उपयोग किती बेताने करावा, हे त्यावरून दिसते.

अमेरिकेत कॉबला मान्यता मिळावयास सर्वांत उशीर लागला. कॅलिफोर्नियातील विद्यापीठांत मोठ्या भिंती बांधून, त्यांना यंत्राने आलटून-पालटून दोन्ही बाजूंना ढकलून पाहिल्यानंतर, घरबांधणीच्या तेथील आदर्श संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीत कॉबचे परिशिष्ट आले. दाबशक्ती दर चौरस इंचाला किमान ६० पौंड आणि वाकवून मोडतानाची शक्ती ५० पौंड, अशी त्यात अट आहे. आपल्या मापात हे आकडे अनुक्रमे ४.२ आणि ३.५ किलोग्रॅम होतात. भारतीय मानकाचा दाबाचा आकडा १२, अमेरिकेचा ४.२, उलट वाकविण्यात आपला विटेवरचा माणूस दीडच किलो मोजतो आणि अमेरिका साडेतीन मागते. नमुन्याचे आकार आणि पद्धती वेगळ्या असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही दाबापेक्षा वाकण्याला अधिक किंमत देण्याकडे नव्या संहितेचा कल आहे, हे त्यातून उघड होते. परिशिष्टात आल्यावरही एखाद्या राज्याने किंवा शहराने ते स्वीकारले तरच लागू होते. तरी अर्जदाराला दर वेळी प्रारंभापासून अधिकाऱ्याची समजूत घालण्याची जी वणवण करावी लागे, तिच्यातून काही ठिकाणी त्याची सुटका झाली.

अलीकडे युरोपात दुसराच प्रश्न उभा राहिला. इंग्लंड व फ्रान्समधील घरात ऊब राखण्याचे नियम इतके कडक झाले, की केवळ कॉबची भिंत त्यांत बसेना. प्लिमथ विद्यापीठ आणि नॉर्मंडीतील संशोधक यांनी २०१७ पासून काही वर्षे यावर एकत्र काम करून दोन पदरांची भिंत सिद्ध केली. तिचा एक पदर भार पेलणाऱ्या जड मातीचा, तर दुसरा भरपूर तंतू घातलेल्या हलक्या, उबदार मातीचा.

भारतातील स्थिती अशी, की १९९३ चे मानक मार्गदर्शक स्वरूपाचे आहे आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या गवंड्यांपर्यंत ते क्वचितच पोचले. सरकारदरबारी घराचे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे वर्ग करतात. मातीची भिंत, मग ती नियमाप्रमाणे बांधलेली असो की नसो, पहिल्या वर्गात जाते. २०१६ पासून चाललेल्या ग्रामीण आवास योजनेचा हेतूच कच्च्या घराच्या जागी पक्के घर देणे हा आहे. तिकडे हाताने रचलेल्या भिंतीपुरता एक तांत्रिक दुवाही राहून गेलेला आहे. विटेवर उभे राहता येते. कॉबच्या सलग भिंतीतून तशी वीट काढता येत नाही. त्यासाठी त्याच चिखलाची एक जाडसर पट्टी भिंतीबरोबरच घालून ठेवावी, तीही भिंतीइतकीच वाळू द्यावी आणि मग दोन दगडांवर ठेवून भार चढवीत न्यावा. पंधरा सेंटिमीटर रुंद व तेवढीच जाड पट्टी पन्नास सेंटिमीटर अंतराच्या टेकूंवर ठेवली, तर अमेरिकन अट पुरी होण्यास तिने मध्यावर सुमारे १५५ किलोग्रॅम भार पेलला पाहिजे. सिमेंटची पन्नास किलोची तीन पोती आणि वर थोडी वाळू, एवढ्याने ही परीक्षा अंगणात होते.